सोमवारची गोळी बुधवारी

भांडुप पश्चिमेला स्टेशनवरून रिक्षा केली की एका वळणापाशी रिक्षावाला थांबतो. पुढे चढ, अरुंद गल्ल्या आणि पायऱ्या. या पायऱ्यांच्या पायथ्याशी मराठी माध्यमाची एक शाळा आहे, पाचवी ते दहावी, सकाळ सत्र. तिथे मी दोन वर्षं दर शनिवारी आरोग्याचा तास घेत होते. त्या काळात शाळेतल्या सहा मुलामुलींनी जे काम उभं केलं, त्याची ही हकिगत आहे. शाळेचं नाव देत नाही, मुलांचीही नाही. मुलं अल्पवयीन आहेत आणि त्यांतल्या एका मुलीची गोष्ट तिची स्वतःची आहे.

विषय अगदी छोटा होता. दर सोमवारी शाळेत मिळणारी निळी गोळी.

वहीतल्या खुणा आणि मोरीतल्या गोळ्या

सहावी ते बारावीच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी देण्याची योजना सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये दशकभराहून जास्त काळ चालू आहे. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. सोबत वर्षातून दोनदा जंताची गोळी. २०१८ पासून हे सगळं ‘ॲनिमियामुक्त भारत’ या मोहिमेत आलं. गरज किती आहे हे सांगायला एकच आकडा पुरेसा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ साली देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५४.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला होता. २०१९-२१ च्या पाहणीत तो आकडा ५९.१ टक्के झाला. गोळ्या वाटल्या जात होत्या आणि आकडा वर जात होता.

आमच्या शाळेच्या वहीत मात्र सगळं व्यवस्थित होतं. प्रत्येक सोमवारी, प्रत्येक नावासमोर बरोबरची खूण. मी ती वही पाहिली तेव्हा मलाही समाधान वाटलं होतं. मग एका शनिवारी सफाईचं काम करणाऱ्या मावशींनी मला मुलींच्या स्वच्छतागृहाकडे नेलं आणि मोरीची जाळी दाखवली. जाळीला निळा रंग चढला होता. काही अर्धवट विरघळलेल्या गोळ्या तिथेच अडकल्या होत्या. खिडकीबाहेरच्या पत्र्यावरही होत्या. मावशी म्हणाल्या, “दर सोमवारी हेच असतं ताई. मी आपली झाडून टाकते. कुणाला सांगू?”

बिल्ले

शाळेत ‘आरोग्यदूत’ होते. नववी-दहावीतली पाच मुलंमुली आणि याच शाळेतून दहावी होऊन मुलुंडच्या कॉलेजात अकरावीला गेलेली एक मुलगी. छातीवर हिरवा बिल्ला. पाहुणे आले की स्वागतगीत, पंधरा ऑगस्टला ‘सकस आहार’ या विषयावर भाषण, हात धुण्याच्या सहा पायऱ्यांचं प्रात्यक्षिक. भाषणं मी लिहून द्यायचे. मुलं पाठ करायची, छान म्हणायची, टाळ्या मिळायच्या.

मुलांच्या सहभागाबद्दल रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी एक शिडी मांडली. तिला आठ पायऱ्या आहेत. त्यांतल्या खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत: मुलांचा वापर करून घेणं, त्यांना सजावटीसाठी उभं करणं आणि नावापुरतं विचारणं. आमचे आरोग्यदूत दुसऱ्या पायरीवर होते आणि त्यांना तिथे मीच उभं केलं होतं. भारताने बालहक्क संहिता स्वीकारली तीही १९९२ मध्येच. मुलांशी संबंधित बाबतीत मुलांचं म्हणणं ऐकलं जावं, असं तिचं बारावं कलम सांगतं. हे मी शिकले होते, इतरांना शिकवतही होते. तरी भाषण माझं आणि आवाज त्यांचा, हे मला खटकलं नव्हतं.

मोरीची जाळी पाहिल्यावर मी दूतांना बोलावलं आणि म्हटलं, “मुलींना गोळीचं महत्त्व पटवून द्यायचंय. नाटक बसवू या.” माझ्या डोक्यात नाटकाचं नावही तयार होतं.

अकरावीतली मुलगी, मोठी म्हणून सगळे तिला ताईच म्हणतात, बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “ताई, मी शाळेत होते तेव्हा मी पण टाकायचे.”

तिच्या शेजारची दहावीतली म्हणाली, “मी आत्ता पण टाकते.”

सहा जणांपैकी चार जण गोळी टाकत होते. बिल्ला लावून. रक्तक्षयावरचं माझं भाषण त्यांना तोंडपाठ होतं. त्या दिवशी नाटकाचा विचार मी सोडला. महत्त्व सगळ्यांना माहीत होतं. अडचण दुसरीकडे कुठेतरी होती आणि ती कुठे आहे, हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक होतं.

एकच प्रश्न

मी एक प्रश्नावली तयार केली. बावीस प्रश्न होते. मुलांनी ती वाचली आणि नववीतल्या मुलाने सरळ सांगितलं, “हे कागद वर्गात वाटले तर सगळे लिहिणार, गोळी चांगली आहे. बाई तपासणार असंच वाटेल त्यांना.”

मग त्यांनी त्यांची रीत ठरवली. कागद नाही, नाव नाही, वर्गात नाही. पाण्याच्या रांगेत, क्लासहून येताना, स्वच्छतागृहाबाहेर थांबलेलं असताना विचारायचं. आधी स्वतःचं सांगायचं, “मी टाकते,” आणि मग एकच प्रश्न: “तू काय करतेस?” रात्री घरी जाऊन जे ऐकलं ते वहीत उतरवायचं, कुणी सांगितलं ते न लिहिता. महिनाभर हे चाललं. मी फक्त शनिवारी वह्या ऐकायची.

आपल्या आरोग्य कार्यक्रमांत किशोरवयीन मुलांना ‘समवयस्क शिक्षक’ करण्याची कल्पना नवी नाही. ७ जानेवारी २०१४ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात ती आहेच. पण आपण त्यातल्या ‘शिक्षक’ शब्दावर जास्त भर देतो. मोठ्यांनी दिलेलं ज्ञान मुलांनी मुलांना पोचवायचं, एवढाच त्याचा अर्थ घेतो. या सहा जणांनी आधी उलट्या दिशेने काम केलं. मुलांकडचं त्यांनी मोठ्यांकडे आणलं.

वह्यांतून जे आलं ते असं.

गोळी पहिल्या तासाला मिळायची. हजेरी झाली की लगेच. त्या वेळी सगळे जागेवर असतात, खूण करायला सोपं जातं. पण सातची शाळा. टेकडीवर पाणी यायचं पहाटे. मुंबईचं बहुतेक पाणी ज्या केंद्रात शुद्ध होतं ते याच भांडुपात आहे आणि त्याच भांडुपच्या चढावरच्या वस्तीत मुली साडेचारला उठून हंडे भरतात, हे तिथे जायच्या आधी मला माहीत नव्हतं. पाणी भरून, लहान भावंडाचं आवरून शाळेत यायचं म्हणजे पोटात काय? चहा आणि खारी. कधी नुसता चहा. रिकाम्या पोटी लोहाची गोळी घेतली की मळमळतं, पोटात कळ येते, काहींना उलटी होते. शाळेतल्या स्वच्छतागृहाला पाणी कमी, दाराची कडी तुटलेली. अशा ठिकाणी उलटी करावी लागण्यापेक्षा गोळी जिभेखाली धरून बाहेर जाऊन थुंकणं मुलींना बरं वाटायचं.

चहाचं दुसरंही एक कारण आहे. चहातल्या टॅनिनमुळे लोह शरीरात नीट शोषलं जात नाही. म्हणजे ज्या मुली प्रामाणिकपणे गोळी गिळत होत्या, त्यांनाही ती पुरती लागू पडत नव्हती.

मग शौचाचा रंग. लोह घेतल्यावर शौचाला काळसर होतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण हे कुणी कुणाला आधी सांगितलंच नव्हतं. सातवीतल्या एका मुलीला वाटलं होतं की आपल्याला आतून काहीतरी झालंय. तिने दोन महिने आईलाही सांगितलं नाही.

मुलग्यांचं उत्तर एका ओळीचं होतं. ती मुलींची गोळी आहे. देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलग्यांपैकीही ३१.१ टक्के मुलग्यांना रक्तक्षय असल्याचं त्याच पाहणीत दिसलं होतं, पण आमच्या सगळ्या फलकांवर मुलीचंच चित्र होतं.

आणि भीती. काही आयांनी मुलींना बजावलं होतं, “शाळेतली गोळी घेऊ नको, पुढे मुलं होत नाहीत.” काहींना गोवंडीची आठवण होती. ऑगस्ट २०१८ मध्ये गोवंडीतल्या एका महापालिका शाळेतली विद्यार्थिनी दगावली आणि ते शाळेतल्या गोळ्यांमुळे झालं अशी बातमी वस्तीत पसरली. घाबरलेल्या पालकांनी शेकडो मुलांना राजावाडी आणि शताब्दी रुग्णालयांत नेलं. मृत्यूचं कारण क्षयरोग असल्याचं शवविच्छेदनानंतर डॉक्टरांनी सांगितलं. पण पहिली बातमी भांडुपच्या टेकडीपर्यंत पोचली होती, दुसरी पोचली नव्हती. या आयांना अडाणी म्हणणारी माणसं मला भेटली आहेत. मला त्या तशा वाटत नाहीत. आपल्या लेकराच्या तोंडात काय जातंय हे कुणी विचारलं नाही, सांगितलं नाही, तर कोणतीही आई हेच करेल.

वार

हे सगळं मी थोडंफार ओळखलं असतं. पुढचं ओळखलं नसतं.

दहावीतल्या मुलीने तिच्या वहीत एका पानावर फक्त वार लिहिले होते. सोमवार, मंगळवार, बुधवार असे. प्रत्येकासमोर खुणा. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, “ताई, सोमवारी निम्म्या मुलींचा उपवास असतो. श्रावणात तर जवळजवळ सगळ्यांचा. आणि श्रावणी सोमवारी शाळा पण लवकर सुटते, खिचडी कुणी खात नाही. मग गोळी कशावर घेणार?”

योजनेत ठरलेला दिवस सोमवार होता. सोमवार म्हणजे शंकराचा वार, हे आम्हा मोठ्यांपैकी कुणाला सुचलं नव्हतं. मीही मराठी घरातच वाढले, माझी आई सोमवार करायची.

मुलांनी मग एकेक वार तपासला. मंगळवार गणपतीचा, काही घरी देवीचा. गुरुवार दत्ताचा किंवा स्वामींचा, आणि मार्गशीर्षात तर घरोघरी महालक्ष्मीचा. शनिवार मारुतीचा, शिवाय शाळा अर्धी. राहिले बुधवार आणि शुक्रवार. शुक्रवारी काही जणी संतोषीमातेचा उपवास धरतात आणि त्यात आंबट चालत नाही. गोळीसोबत लिंबू घ्यायला सांगायचं असेल तर शुक्रवार अडचणीचा.

नववीतला मुलगा म्हणाला, “बुधवारी वार नसतो. बुधवारी घरी मच्छी असते. नाहीतर सुकट तरी.”

मुंबईतल्या मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. बुधवार, शुक्रवार, रविवार हे खायचे दिवस. मटण-मच्छीतलं लोह भाजी-डाळीतल्या लोहापेक्षा शरीरात जास्त शोषलं जातं. जेवणात ते असलं की सोबतच्या भाजी-डाळीतलं लोहही बरं शोषलं जातं. शरीराच्या दृष्टीने आणि घराच्या रीतीच्या दृष्टीने बुधवार योग्य होता. वर्गात माळकरी घरातल्या तीन मुली होत्या, त्यांच्यासाठी मोड आलेली मटकी आणि लिंबाची फोड असं ठरलं.

आरोग्य शिक्षणाच्या माझ्या सगळ्या अनुभवात इतका साधा आणि इतका नेमका निष्कर्ष मी दुसरा पाहिलेला नाही.

कागद

मुलांनी मुख्याध्यापिका बाईंना भेटायचं ठरवलं. मी सोबत येऊ का, विचारलं. मुलं म्हणाली, “या, पण बोलू नका.” मी बोलले नाही. हे सोपं गेलं नाही.

बाई समजूतदार होत्या, पण त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं: “सोमवार वरून आलाय. पहिला तास मी ठरवलाय कारण मला नव्वद टक्के हजेरी त्याच तासाला मिळते. अहवाल मला द्यावा लागतो.”

नववीतल्या मुलाने योजनेच्या मार्गदर्शक सूचनांची छापील प्रत पुढे ठेवली. सायबरमधून काढून आणली होती, पानांवर पेन्सिलीने खुणा होत्या. त्यातला मुख्य आग्रह असा की दिवस ठरलेला असावा आणि गोळी जेवणानंतर, शिक्षकांसमोर घेतली जावी. रिकाम्या पोटी नको, हे तिथे लिहिलेलंच होतं. मुलं नियम मोडायला सांगत नव्हती, नियम पाळायला सांगत होती.

बाईंनी ते पान दोनदा वाचलं. मग विचारलं, “नववी-दहावीचं काय? त्यांना खिचडी नाही.”

हा प्रश्न खरा होता. शाळेतलं दुपारचं जेवण आठवीपर्यंतच मिळतं. पाळी नियमित सुरू झालेली, अंगावरून रक्त जाणारी, लोहाची सगळ्यात जास्त गरज असलेली नववी-दहावीतली मुलगी त्या ताटातून वगळलेली आहे. मुलांनी याचं उत्तर आणलं होतं. बुधवारी ज्याला जमेल त्याने डब्यात एक चपाती जास्त आणायची. कुणी आणली, कुणी नाही, याची नोंद नाही. मधल्या सुट्टीत सगळ्यांनी डबे एकत्र उघडायचे, सुट्टी संपताना गोळी.

आणखी चार गोष्टी त्यांनी मागितल्या. गोळी देण्याआधी प्रत्येक वर्गाला दोन वाक्यं सांगायची, शौचाला काळं होईल, घाबरू नका, आणि चहा तासभर लांब ठेवा. ज्याला बरं वाटत नसेल त्याने त्या दिवशी गोळी नाकारली तर ओरडायचं नाही. वहीत खोटी खूण करायची नाही, नाही घेतली तर ‘नाही’ लिहायचं. आणि स्वच्छतागृहाच्या दाराला कडी.

कडी त्याच आठवड्यात बसली. बुधवारला लेखी परवानगी कधीच मिळाली नाही. संबंधित कार्यालयातून फोनवर, “आठवड्यातून एकदा झालं म्हणजे झालं,” एवढं उत्तर आलं आणि बाईंनी ते परवानगी म्हणून घेतलं. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर तेच उत्तर नकार म्हणूनही घेता आलं असतं. या कामात बाईंचा वाटा मोठा आहे.

आठ दिवस

इथे मला माझ्या हातून झालेली चूक लिहायची आहे. मुलांना नेतृत्व देऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने ती वाचावी असं मला वाटतं.

सुरुवातीला मी मुलांना सांगितलं होतं, “तुम्हाला कुणी काही विश्वासाने सांगितलं तर ते कुणालाही सांगायचं नाही. अगदी मलाही नाही.” मला वाटलं होतं, यानेच विश्वास मिळतो.

नववीतली एक मुलगी वर्गात दोनदा चक्कर येऊन पडली. अकरावीतल्या मुलीने तिला विचारलं तेव्हा तिने सांगितलं की ती मुद्दाम जेवत नाही. घरी आणि वर्गात तिला ‘जाडी’ म्हणतात. डबा ती कुत्र्याला घालते. आणि कधीकधी सगळं संपवून टाकावंसं वाटतं. “तू कुणाला सांगणार नाहीस ना? शपथ घे.” हिने शपथ घेतली.

आठ दिवस अकरावीतली मुलगी ते ओझं एकटीने वाहत राहिली. वय सोळा. रात्री तीन-तीनदा उठून त्या मुलीला मेसेज करायची, उत्तर येईपर्यंत जागी राहायची. नवव्या दिवशी तिच्या आईचा मला फोन आला, “ताई, काय झालंय हिला? पोरगी झोपत नाही, विचारलं तर रडते. तुमच्या त्या कामामुळे काही झालंय का?”

झालं होतं. मी त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. शपथ मीच घ्यायला लावल्यासारखी होती, म्हणून ती मीच सोडवली. मग आम्ही दोघी त्या नववीतल्या मुलीकडे गेलो. तिच्याशी बोललो, कुणाला सांगितलेलं तिला चालेल हे तिलाच विचारलं. तिने मावशीचं नाव घेतलं. मावशी तिला महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयातल्या मनोविकार विभागात घेऊन गेली. तिथे डॉक्टरांनी तिचं हिमोग्लोबिनही तपासलं. ते इतकं उतरलं होतं की आठवड्याच्या एका गोळीने काही होणार नव्हतं. देखरेखीखाली रोजचं औषध सुरू झालं. पुढचे उपचार तिचे तिने घेतले, त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही.

त्यानंतरच्या शनिवारी नवा नियम मुलांनीच सांगितला, मी फळ्यावर लिहिला. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. वचन द्यायचं ते हे: “मी तुझी चेष्टा करणार नाही, वर्गात बोलणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुला त्रास देत असेल तर आपण दोघी मिळून एका मोठ्या माणसाला सांगू.” आणि हे वाक्य ऐकायला सुरुवात करण्याआधी म्हणायचं, नंतर नाही.

कायद्याच्या बाजूनेही हे गरजेचं होतं. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. असं काही कळलं तर मोठ्या माणसाकडे जाणं ही चहाडी नाही, हे मुलांना सांगावं लागतं. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आणि १४४१६ ही मानसिक आरोग्याची टेलिमानस सेवा, दोन्ही क्रमांक दूतांच्या बिल्ल्याच्या मागच्या बाजूला चिकटवले. प्रत्येक दूताला एक मोठं माणूस ठरवून दिलं, ज्याला रात्रीही फोन करता येईल. अकरावीतल्या मुलीने दोन महिने सुट्टी घेतली. ती तिने मागितली नव्हती, मी आग्रहाने दिली.

तीळगूळ

आयांपर्यंत पोचायचं होतं. पालकसभेला आया येत नाहीत, कारण पालकसभा कामाच्या वेळी असते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मात्र अख्खी गल्ली जमते. मुलींनी एका काकूंना विचारलं, तुमच्या हळदीकुंकवात आम्हाला दहा मिनिटं द्याल का? काकू लगेच हो म्हणाल्या.

पण सातवीतल्या एका मुलीची आई गावी असते, ती आजीकडे राहते. आजी विधवा. तिला हळदीकुंकवाचं बोलावणं नसतं. त्या मुलीने दूतांना विचारलं, “मग माझ्या आजीला कोण सांगणार?” पायऱ्यांवरच्या त्या वस्तीत नातवंडं सांभाळणाऱ्या अशा आज्या बऱ्याच आहेत. मुली पुन्हा काकूंकडे गेल्या. बोलणं सोपं झालं नसावं, पण संध्याकाळपर्यंत ठरलं की यंदा हळदीकुंकवाच्या आधी सगळ्यांचा तीळगूळ आणि मग ज्यांना हवं त्यांचं हळदीकुंकू.

त्या दिवशी ठिपक्यांच्या काळ्या साड्यांमध्ये आज्या पुढे बसल्या होत्या. दहावीतल्या मुलीने निळी गोळी हातात धरून सांगितलं की ही कशाची आहे. गोवंडीत काय झालं होतं आणि डॉक्टरांनी नंतर काय सांगितलं तेही सांगितलं. मग ती गोळी तिने तिथेच, सगळ्यांसमोर, लाडू खाऊन झाल्यावर घेतली. एक आजी म्हणाली, “मला पण दे एक, माझे पाय दुखतात.” मुलीने दिली नाही. “आजी, तुम्ही आरोग्य केंद्रात दाखवा, तिथे तपासून देतील.” कुठे थांबायचं हे ती शिकली होती. काकूंनी वाण म्हणून प्रत्येकीला दोन लिंबं दिली.

त्यानंतर

मोरीच्या जाळीवरचा निळा रंग कमी झाला, गेला नाही. वहीत आता ‘नाही’ दिसू लागले आणि काही शिक्षकांना ते बघवत नव्हते. पहिल्या अहवालात शाळेचा आकडा घसरला, कारण तो पहिल्यांदाच खरा होता. मुलगे अजूनही मागच्या बाकावर गोळीची देवाणघेवाण करतात. पाणी अजून पहाटेच येतं. त्यासाठी मुलांनी वॉर्ड कार्यालयात अर्ज दिला, त्याला उत्तर आलेलं नाही.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये मुख्याध्यापिका बाईंची बदली झाली. नव्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात गोळी सोमवारी, पहिल्या तासाला आणली. जुन्या दूतांतले दहावीतले शाळा सोडून गेलेले. शाळेत उरलेल्या मुलांत सगळ्यात धीट मुलगी आठवीतली. ती एकटी कार्यालयात गेली. मला हे नंतर शिपाईकाकांनी सांगितलं. तिने भिंतीवरचं कालनिर्णय उतरवून टेबलावर ठेवलं, श्रावणाचं पान काढलं आणि म्हणाली, “बाई, हे सोमवार बघा. यांतल्या कुठल्या सोमवारी तुम्ही जेवता?”

बाईंचा स्वतःचा सोमवारचा उपवास होता. दोन आठवड्यांनी गोळी पुन्हा बुधवारी गेली.

अकरावीतली मुलगी आता बारावीत आहे. परवा तिचा फोन आला. “ताई, गोळी बारावीपर्यंत आहे ना? आमच्या कॉलेजात येतच नाही. कुणाला भेटायचं?” मी सांगितलं, आधी प्राचार्यांना भेट, मी आरोग्य अधिकाऱ्यांचं कार्यालय कुठे आहे ते कळवते. ती म्हणाली, “भेटते. पण आधी आठ दिवस कँटीनमध्ये बसून बघते, कोण किती वाजता काय खातं ते.”